मरळीसाठी स्विमबेट : निवड, जोडणी आणि पाण्यातली चाल

कृष्णेत बास नाही. कोयनेत नाही, वारणेतही नाही. तरी कराडपासून म्हैसाळपर्यंत गळ टाकणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या बास या शिकारी माशाचेच व्हिडिओ चालू असतात. ते बघून कुणीतरी आठ इंची, मुठीएवढी जाड रबरी ट्राउट, म्हणजे माशासारखं पोहणारं स्विमबेट, मागवतो. पार्सल येतं, नदीवर पहिल्या चार फेकींत ती केंदाळात रुतते, आणि ‘आपल्याकडं स्विमबेट चालत नाही’ असा निकाल लागतो. चालतं की! बाससाठी बनलेल्या वस्तूतलं आपल्या मरळीसाठी काय उचलायचं आणि काय तिकडंच ठेवायचं, एवढं आधी ठरवावं लागतं.

माझं मत आताच सांगून टाकतो. स्विमबेटच्या रंगावर, खवल्यांच्या छपाईवर आणि चकाकत्या डोळ्यांवर पैसे घालवू नका. ते किती खोलीवर आणि किती सावकाश पोहू शकतं, यावर सगळा खेळ आहे. म्हणजे वजन, गळ आणि शेपटीची जाडी. पुढचं सगळं त्याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

बासचं काय, मरळीचं काय

स्विमबेट म्हणजे पोहणाऱ्या माशाची नक्कल. धातूचा चमचा किंवा स्पिनर चमकून लक्ष वेधतो, रबरी बेडूक पाण्यावर खळबळ करतो. स्विमबेट यातलं काहीच करत नाही, ते नुसतं माशासारखं पोहत जातं. हा प्रकार फोफावला तो कॅलिफोर्नियात. तिथल्या जलाशयांत शौकिनांसाठी हॅचरीतले रेनबो ट्राउट सोडले जायचे आणि लार्जमाउथ बास ते खाऊन अवाढव्य व्हायचे. साहजिकच ट्राउटच्या मापाची, सहा ते दहा इंची आमिषं तयार झाली. म्हणजे तो आकार त्या पाण्यातल्या खाद्यावरून आला. आपल्या पाण्यात खाद्य कोणतं? बोटाएवढी चंदेरी मासळी, चिलापीची पिल्लं, बेडूक, झिंगे. म्हणून आपलं माप तीन ते साडेचार इंच. चिलापीनं भरलेल्या तलावात पाच इंचांपर्यंत जा, त्यापुढं नको.

दुसरा फरक तोंडाचा. बास जबडा उघडून आमिष पाण्यासकट आत ओढून घेतो, त्याचे दात खरखरीत कागदासारखे बारीक. त्यामुळं व्हिडिओतला माणूस अंगठा सरळ त्याच्या खालच्या ओठात घालून मासा उचलतो. मरळीच्या बाबतीत हे करायला गेलात तर अंगठ्याला टाके पडतील. तिचे दात टोकदार, टाळू हाडाची, आणि ती झडप घालून चावते. मऊ रबराची शेपटी पहिल्याच चाव्यात तुटते आणि बोथट गळ टाळूवरून घसरून येतो.

तिसरा फरक राहण्याचा. बास उघड्या पाण्यात, खडकाच्या टोकाला, पंधरा-वीस फुटांवरही सापडतो. मरळीला हवा घ्यायला दर थोड्या वेळानं वर यावं लागतं, त्यामुळं ती उथळ कडेला, गवतात, केंदाळाच्या सावलीत असते. मोठ्या वजनाची खोल जाणारी आमिषं इथं निम्म्यानं बाद होतात.

पाणी आधी, आमिष नंतर

सांगली जिल्ह्यात कृष्णेवर बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे घालतात आणि मागं मैलोन्‌मैल संथ पाणी साठतं. कडेला केंदाळ, मध्येमध्ये उपसा योजनांच्या जॅकवेल, त्यांच्या पायाशी सावली. मरळीसाठी याहून चांगली जागा नाही. साताऱ्याकडं धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचे फुगवटे आहेत. तिथलं पाणी निवळ, काठ खडकाळ, गवत कमी. आणि पूर्वेला माण-खटावात येरळवाडी, नेर, राजेवाडीसारखे जुने तलाव, उन्हाळ्यात आटत जाणारे, गाळाचे.

शिवसागर आणि वसंतसागर ही नावं मुद्दाम घेतली नाहीत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्या हद्दीत गळ न्यायचाच नाही. बाकीच्या धरणा-तलावांवरही मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. आधी संस्थेच्या माणसाला गाठा, विचारा, पावती असेल तर फाडा. हौसेला दांडी घेऊन आलेल्या माणसाशी ते सहसा वाकडं बोलत नाहीत, पण न विचारता बसलात तर बोलतील, आणि बरोबरच बोलतील. शिवाय मरळ कुठं उसळते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि मगर. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहितो. पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही. अडकलेलं आमिष सोडवायला उतरायचं नाही, ते कितीही महाग असो, लाइन तोडा. मऊ चिखलाच्या काठावर घसरल्यासारखा रुंद पट्टा दिसला की जागा बदला. उन्हाळ्यात मादी अंड्यांजवळ असते, तेव्हा कडेच्या वाळूच्या-मातीच्या उतारांपासून लांबच. गळाला लागून फडफडणारा मासा मगरीलाही बोलावतो, म्हणून दिवे लागायच्या आत सामान आवरा. उंच घाट किंवा दगडी पायऱ्यांवरून, पाण्यापासून दोन-तीन मीटर मागं उभं राहून फेकणं हीच इथली पद्धत असावी.

कोणतं स्विमबेट घ्यायचं

दुकानात किंवा ऑनलाइन चार प्रकार दिसतील. मऊ रबराचं, टोकाला चपटी टाच असलेल्या शेपटीचं म्हणजे पॅडलटेल. आतच शिसं आणि गळ भरून आलेलं तयार मऊ स्विमबेट. तीन-चार सांध्यांचं टणक प्लास्टिकचं. आणि एकाच सांध्याचं, नागमोडी सरकणारं ग्लाइडबेट. पहिल्या वर्षी फक्त पॅडलटेल घ्या. तयार मऊ स्विमबेटचा गळ बहुधा पाठीवर उघडा असतो, नदीत तो गवत गोळा करत येतो. सांध्यांचं आणि ग्लाइडबेट दिसायला देखणं, पण दोन-दोन तिकाटणी गळ लोंबत असतात. धोमच्या उघड्या फुगवट्यात ठीक, कृष्णेच्या कडेला नाही.

पॅडलटेल हातात घेऊन बघायची गोष्ट एकच : शेपटीचा मनगटासारखा बारीक भाग. आमिष डोक्याकडून आडवं धरा आणि हात हळूच हलवा. टाच लगेच डुलली तर ते सावकाश ओढतानाही पोहेल. टाच ताठ राहिली तर ते पळवावं लागेल. पळवलेलं आमिष बास खातो, गरम पाण्यातली मरळही खाते, पण पौष-माघातल्या गार सकाळी मरळ दोन फूटसुद्धा पाठलाग करत नाही. थंडीत रबरही कडक होतं, हे वर आणखी. म्हणून मऊ मनगटाचं घ्या. केईटेकचं स्विंग इम्पॅक्ट फॅट यासाठीच नावाजलेलं आहे, ३.८ इंची माप आपल्याला बरोबर बसतं. पण त्याचं रबर इतकं मऊ की मरळीच्या एका चाव्यात शेपटी जाते. स्वस्तातलं थोडं चिवट रबर घेऊन जास्त नग बाळगणं मला परवडतं. झेडमॅनचं इलाझटेक नावाचं ताणलं तरी न तुटणारं रबर दातांना चांगलं टिकतं, फक्त ते नेहमीच्या रबराबरोबर एका डबीत ठेवायचं नाही, दोन्ही वितळून चिकट लगदा होतो.

रंग तीन पुरे. निवळ पाण्याला पाठ करडी, पोट चंदेरी. गढूळ पाण्याला पांढरा किंवा पोपटी. ढगाळ दिवसाला आणि सांजेला काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला उजेडाविरुद्ध काळी आकृती ठळक दिसते.

वजन आणि गळ

इथं थांबून विचार करा, कारण बहुतेकांची चूक इथंच होते. त्याच चार इंची रबराला तीन ग्रॅम लावले तर ते वीतभर खोलीवर तरंगत येतं आणि दहा ग्रॅम लावले तर तळ घासतं. कृष्णेच्या कडेच्या तीन-चार फूट पाण्याला तीन ते पाच ग्रॅम. जॅकवेलच्या पायाशी, डोहाच्या तोंडाला सात. धरणाच्या उतारावर दहा. जड वजन लांब फेकलं जातं म्हणून सगळीकडं दहा लावणारे पुष्कळ आहेत. मग ते तळाला जाऊ नये म्हणून त्यांना रील भराभर फिरवावी लागते, आणि जो संथपणा विकत घेतला तोच हातचा जातो.

गवतात वापरायला पोटाशी शिसं ओतलेला, नाकाशी स्प्रिंग असलेला रुंद वाकाचा गळ घ्या. ३.८ इंचांना ४/० मापाचा आणि साडेचार इंचांना ५/०. तार जाड हवी, मरळ हाडात धरते तेव्हा बारीक तार उमलते. उघड्या पाण्यात साधा जिगहेड, म्हणजे डोक्याशी शिसं असलेला उघडा गळ, जास्त चांगला, कारण टोक उघडं असल्यानं गळ चटकन रुततो.

स्प्रिंगच्या गळाची जोडणी अशी. स्प्रिंगचं टोक रबराच्या नाकाच्या बरोबर मधोमध टेकवा आणि आमिष फिरवत आत घाला. स्प्रिंग ओढू नका, रबर फिरवा. आता गळ आमिषाच्या बाजूला लोंबू द्या आणि वाक पोटाला जिथं येतो तिथं नखानं खूण करा. त्या खुणेतून टोक पोटातून वर घाला, पाठीतून बाहेर काढा. वरून बघा : नाक, पाठ आणि शेपटी एका रेषेत हवीत. पोटाशी रबर चुणलं असेल तर खूण शेपटीकडं पडली, ताणलं असेल तर नाकाकडं पडली. काढा आणि पुन्हा घाला. शेवटी टोक पाठीच्या कातडीत जेमतेम रुतवा, एवढंच की बोट फिरवलं तर टोचू नये. खोल रुतवलंत तर मासा चावला तरी टोक बाहेर यायचं नाही.

जिगहेडवर आमिष चढवताना मानेशी फेविक्विकचा एक थेंब लावा. नाहीतर प्रत्येक झडपेनंतर रबर खाली सरकतं आणि दहा वेळा वर ओढत बसावं लागतं.

दांडी सात फुटी, मध्यम-जड, दहा ते तीस ग्रॅम फेकणारी. स्पिनिंग रील ३००० किंवा ४००० मापाची. तंगुसावर भागत नाही, तो ताणतो आणि लांबवर गळ रुततच नाही. तीस-चाळीस पौंडांची ब्रेड (विणलेली) लाइन घ्या आणि पुढं, आमिषाकडच्या टोकाला, हातभर लांबीचा तेवढ्याच ताकदीचा फ्लोरोकार्बन लीडर. तारेचा लीडर नको, आमिषाचं नाक खाली जातं.

विहिरीत चाचणी

नदीवर जाण्याआधी हे नक्की करा. मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी निवळ असतं, वरून सगळं दिसतं. आमिष पाण्यात सोडा, एक-दोन-तीन मोजा आणि किती खाली गेलं बघा. लाइनवर फुटाफुटाला मार्करनं खुणा केल्या की झालं. हडलस्टनच्या रबरी ट्राउटवर आर.ओ.एफ. ५ किंवा १२ असा आकडा येतो, तो दहा सेकंदांत किती फूट बुडतं त्याचा असतो. आपल्या स्वस्त आमिषांवर असं काही लिहिलेलं नसतं, तेव्हा आपला आकडा आपणच काढायचा आणि डबीवर लिहून ठेवायचा. नदीत गेल्यावर मग अंदाज बांधत बसावं लागत नाही : पाणी चार फूट, आमिष सेकंदाला एक फूट बुडतंय, तर दोन मोजून रील सुरू.

तिथंच दुसरी चाचणी. दांडी आडवी धरून आमिष कडेनं ओढा आणि वेग कमी-कमी करत न्या. टाच डुलायची थांबते त्याच्या किंचित वरचा वेग हाच तुमचा कामाचा वेग. हाताला त्याची सवय लागेपर्यंत ओढत राहा. ब्रेड लाइनवर ती थरथर बोटाला लागते. आमिष कुशीवर पडत असेल तर गळ वाकडा बसलाय. सरळ बसूनही पडत असेल तर पोटातलं शिसं कमी आहे.

फेक आणि ओढ

केंदाळाच्या पट्ट्यावर समोरून फेकू नका. पट्ट्याच्या एका टोकाला उभं राहून कडेला समांतर फेका, म्हणजे आमिष पूर्ण ओढीत मरळीच्या दारावरून जातं. समोरून फेकलेलं आमिष त्या जागेत दोन सेकंद असतं आणि उरलेला वेळ रिकाम्या पाण्यात. जॅकवेलवर फेकताना भिंतीच्या पलीकडं टाका आणि सावलीतून आणा. मरळीच्या डोक्यावर आदळलेलं आमिष तिला पळवतं, तेव्हा जिथं ती असेल असं वाटतं त्याच्या दोन मीटर पुढं पडू द्या.

पडल्याबरोबर लाइनचा ढिलेपणा काढा. पुष्कळ मासे बुडतानाच घेतात आणि ढिल्या लाइनवर कळत नाही. मग ठरलेले आकडे मोजा आणि विहिरीत सापडलेल्या वेगानं ओढा. दांडीचं टोक खाली, पाण्याकडं. झटके नकोत, झटके जिगला आणि बेडकाला, स्विमबेटला नाहीत. रीलच्या दर सात-आठ फेऱ्यांनंतर अर्धा क्षण थांबा, आमिष नाक खाली करून बुडू द्या, परत सुरू. गवताला घासलं तर उत्तम, गवतातून सुटण्याच्या क्षणीच झडप येते.

आमिषामागं पाणी फुगून येताना दिसलं तर हात थांबतो, ही सगळ्यांची सवय. थांबायचं नाही. पळणारं भक्ष्य थांबलं की मरळ संशय घेते. दोन फेऱ्या जरा वेगानं मारा, बहुतेक वेळा तेवढ्यानं ती येते. नाही आली तर त्याच जागी लगेच दुसरी फेक करू नका, पाच-सात मिनिटं द्या. ती श्वास घ्यायला वर येईल तेव्हा जागा आपोआप कळेल.

झडप लागली की व्हिडिओतल्यासारखी दांडी डोक्यावर उचलू नका. जिगहेड असेल तर रील चालूच ठेवा आणि दांडी बाजूला दाबा. कातडीत लपवलेला गळ असेल तर दांडी पाण्याकडं झुकवा, वजन जाणवेपर्यंत रील करा आणि मग बाजूला जोरानं खेचा. त्यानंतरचे पहिले दोन सेकंद तिला केंदाळाकडं वळू द्यायचं नाही. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट, दांडी आडवी, विरुद्ध दिशेनं. एकदा मुळांत गेली की चाळीस पौंडांची लाइनही हातात नुसतं गवत आणते.

कधी

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सर्वांत चांगलं : पाणी कमी, ऊबदार, बारीक मासळी कडेला. सकाळी दहापर्यंत आणि चार वाजल्यानंतर. थंडीत उलट, ऊन वर आल्यावर दुपारी जा आणि सर्वांत हलकं वजन लावा.

मृगाचा पाऊस लागला की थांबा. मरळ तेव्हा अंडी घालते आणि पिल्लांचा लालसर-नारिंगी घोळका पाण्याच्या पृष्ठाशी खदखदताना दिसतो, त्याखाली आई-बाप राखणीला असतात. त्या घोळक्यावर आमिष टाकलं तर झडप हमखास येते, कारण ते भुकेनं नाही तर रागानं मारतात. राखण गेली की चिलापी सगळी पिल्लं फस्त करतात. हे ज्यांना ठाऊक आहे तेही टाकतात, आणि मग दोन वर्षांनी त्याच डोहात मरळ राहिली नाही म्हणून रडतात. शिवाय आषाढ-श्रावणात कोयनेतून विसर्ग सुटला की कृष्णा बघता बघता चढते. आयर्विन पुलाशी चाळीस फुटांची इशारा पातळी काय असते हे सांगलीकराला शिकवायला नको.

मासा हातात आल्यावर आणि नंतर

हात ओले करा, मासा पोटाखालून आधार देऊन धरा, गळ पकडीनं काढा. घरी नेणार नसाल तर गळाची काटेरी नांगी आधीच पकडीनं दाबून ठेवा, सुटायला सोपं. महाशीर, म्हणजे जुन्या लोकांची खडस, धरणाच्या वरच्या अंगाला कधीमधी स्विमबेट घेते. ती लगेच सोडा. लहान मरळही सोडा. वीत-दीड वीत माशानं कुणाचं जेवण होत नाही.

तुटलेल्या शेपट्या पाण्यात टाकू नका, खिशात टाका. लाइनचे तुकडे तर अजिबात नकोत. मायणी-येरळवाडीला हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या पायांत ती गुंतते.

रबर मूळ पाकिटात, सरळ ठेवा. गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवलंत तर शेपट्या वाकड्या होतात आणि वाकडी शेपटी एका बाजूला ओढते. तशी झाली तर फेकू नका : चहाच्या भांड्यात पाणी उकळवा, गॅस बंद करा, शेपटी पंधरा-वीस सेकंद बुडवा, काढून हातानं सरळ करा आणि लगेच गार पाण्यात सोडा. इलाझटेक सोडून नेहमीचं रबर यानं पूर्ववत होतं. ते भांडं मात्र वेगळं ठेवा. आणि प्रत्येक फेरीनंतर गळाचं टोक नखावर टेकवून बघा. नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर कानशीचे तीन-चार हात मारा किंवा गळ बदला.